ओट्यावरचा जीएफसीआय पॉइंट रुसला की: वायरिंगमधला दोष शोधायची रीत

अमेरिकेत नव्या घरात राहायला गेलं की हा प्रसंग कधी ना कधी येतोच. सकाळच्या घाईत किटली लावावी, बटण दाबावं आणि काहीच होऊ नये. शेजारच्या पॉइंटवरचा टोस्टरही थंड. पॅनेल उघडून बघावं तर सगळे ब्रेकर जागच्या जागी. मग लक्ष जातं ओट्यावरच्या त्या सॉकेटकडे, ज्याच्या मधोमध दोन छोटी बटणं आहेत, एक टेस्टचं आणि एक रीसेटचं. रीसेट दाबलं तर ते आत बसतच नाही, नाहीतर बसतं आणि कट्ट करून लगेच बाहेर येतं.

या सॉकेटला तिकडे सगळे जीएफसीआय, म्हणजे ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर, म्हणतात. बहुतेक लोक तीनचार वेळा रीसेट दाबून बघतात आणि सॉकेट खराब झालं असं धरून नवं आणून बसवतात. नवंही तसंच वागलं की मात्र हात टेकतात. माझं सांगणं एवढंच आहे की सॉकेट बदलायच्या आधी भिंतीत त्याच्या मागे असलेल्या डब्यातली कुठली तार वीज घेऊन येते आणि कुठली पुढे घेऊन जाते, हे मीटर लावून शोधा. ओट्यावरच्या पॉइंटच्या किती तरी तक्रारी तिथेच उलगडतात.

आधी हे सॉकेट करतं काय

फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. जीएफसीआयच्या पोटात एक छोटं कडं असतं आणि या दोन्ही वाटा त्या कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कड्याला काही जाणवत नाही. फरक पडला, म्हणजे थोडा करंट भलत्याच वाटेने, कदाचित ओल्या हातातून आणि सिंकच्या नळातून, जमिनीकडे निघाला, तर आतला खटका पडतो. हा फरक ४ ते ६ मिलिअँपिअर झाला तरी तो पडतो. ओट्याच्या सर्किटचा ब्रेकर असतो २० अँपिअरचा, म्हणजे २०,००० मिलिअँपिअरचा. माणसाचा जीव घेणारा करंट त्या ब्रेकरच्या खिजगणतीतही नसतो. तो भिंतीतल्या वायरी तापू नयेत म्हणून आहे. माणसासाठी आहे ते हे सॉकेट.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये हे उपकरण बनवलं. किती करंटपर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो, याचा त्यांनी आधी अभ्यास केला होता. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीत, हे संरक्षण सक्तीचं होण्यात स्वयंपाकघराचा नंबर १९८७ मध्ये लागला, तोही सिंकपासून ६ फुटांतल्या पॉइंटपुरता. ओट्यावरच्या सगळ्या पॉइंटना हे संरक्षण हवं, असा नियम १९९६ मध्ये आला. म्हणून जुनं घर घेतलं असेल तर ओट्यावर जीएफसीआय नसणं किंवा एकच असणं नवलाचं नाही.

दोन गोष्टींपासून हे सॉकेट वाचवत नाही, तेही ठाऊक हवं. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर त्याच्या दृष्टीने करंट गेला तेवढा परत आला, त्यामुळे ते पडणार नाही. आणि जास्त भार झाला तर ते काम ब्रेकरचं आहे, याचं नाही.

हात लावायचा की नाही

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला किंवा इमारतीच्या ऑफिसला कळवा आणि सॉकेट उघडू नका. घर स्वतःचं असेल तरी तुमच्या शहरात किंवा काउंटीत कुठलं काम घरमालकाने केलेलं चालतं आणि परमिट लागतं का, ते आधी विचारून घ्या, कारण जागोजागी नियम वेगळे आहेत.

सॉकेट गरम लागत असेल, करपल्याचा वास येत असेल, खाचांभोवती तपकिरी डाग असतील किंवा आतून चरचर ऐकू येत असेल, तर ब्रेकर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. डबा उघडल्यावर आतल्या तारा तांब्याच्या नसून चंदेरी, मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या दिसल्या तरी तिथेच थांबा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुरुवातीला बांधलेल्या काही घरांत अशी वायरिंग सापडते. तिचे जोड वेगळ्या पद्धतीने करावे लागतात आणि ते शिकत शिकत करायचं काम नाही.

काहीही न उघडता करायच्या गोष्टी

ओट्यावरची झाडून सगळी उपकरणं आधी काढा. नुसती बंद करू नका, प्लगच काढा. किटली आणि टोस्टरमध्ये तापणारी कॉइल असते, तिच्यात ओल शिरली की थोडा करंट बाहेरच्या धातूच्या अंगाकडे गळायला लागतो. सगळं काढल्यावर रीसेट टिकलं तर एकेक उपकरण परत लावत जा. जे लावल्यावर सॉकेट पडतं, ते उपकरण बाजूला ठेवा. अशा वेळी वायरिंगचा काही दोष नसतो, सॉकेट आपलं काम चोख करत असतं.

नंतर पॅनेलवर जा. पडलेला ब्रेकर कधी कधी अर्ध्यात अडकतो आणि वरवर बघता चालू वाटतो. आधी पूर्ण बंदच्या बाजूला ढकला, मग चालू करा. त्यानंतर रीसेट अंगठ्याने घट्ट दाबा. नव्या सॉकेटचं बटण बरंच कडक असतं.

तरीही वीज नसेल तर घरात दुसरा जीएफसीआय शोधा. एका जीएफसीआयच्या पुढे साधे पॉइंट जोडलेले असतात आणि ते सगळे त्याच्या जिवावर चालतात. एका मित्राचा फोन आला होता, "अरे, अर्धा ओटा मेलाय, सगळे ब्रेकर ठीक आहेत, काय करू?" त्याच्या घरी जाऊन तासभर शोधलं. शेवटी गॅरेजमध्ये, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे एक जीएफसीआय पडलेला सापडला. दाबला आणि ओटा चालू. घर जुनं असेल तर कुणी काय कुठे जोडलंय याचा नेम नाही, त्यामुळे बाथरूम, गॅरेज, तळघर, मागचं अंगण, सगळीकडे बघा. कपाटांच्या आत आणि फ्रिजच्या मागेसुद्धा.

काळी तार न्यूट्रल नाही

डबा उघडण्याआधी ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. भारतातल्या घरांत आपण लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असं बघत आलो आहोत. अमेरिकेत काळी तार फेजची असते. तिला तिथे हॉट म्हणतात. लालही फेजचीच. न्यूट्रल पांढरी, आणि अर्थची तार, तिथल्या भाषेत ग्राउंड, उघडी तांब्याची किंवा हिरवी. काळी म्हणजे निरुपद्रवी, ही आपली अंगवळणी पडलेली सवय इथे जिवावर बेतू शकते. मी स्वतः पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा काळ्या तारेकडे हात सहज गेला होता. ब्रेकर बंद होता म्हणून निभावलं.

सॉकेटच्या अंगावर पितळी रंगाचे स्क्रू फेजसाठी, चंदेरी न्यूट्रलसाठी आणि हिरवा ग्राउंडसाठी असतो. एवढं करूनही रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. आधीच्या मालकाने हातात मिळाली ती तार वापरलेली असू शकते. खरं काय ते मीटर सांगेल.

हत्यारं फार लागत नाहीत. एक मल्टिमीटर, तारेला न टेकता वीज ओळखणारा पेनासारखा टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचं स्ट्रिपर, चिमटा पक्कड, चारसहा वायर नट (तारांच्या टोकांवर पिळून बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या), थोडी टेप आणि डोक्याला लावायची बॅटरी, कारण स्वयंपाकघराचा दिवा त्याच ब्रेकरवर असू शकतो.

वीज बंद आहे याची खात्री

पेन-टेस्टर आधी चालू असलेल्या एखाद्या पॉइंटवर लावून तो वाजतो ना, ते बघा. मग ब्रेकर बंद करा. आता बिघडलेल्या सॉकेटवर टेस्टर लावा. पुन्हा एकदा चालू पॉइंटवर नेऊन तो अजून जिवंत आहे याची खात्री करा. हे तीन टप्पे कंटाळवाणे वाटतात, पण टेस्टरची बॅटरी नेमकी मधल्या टप्प्यात गेली तर तो गप्प राहील आणि तुम्ही वीज नाही असं समजाल. पडलेल्या जीएफसीआयच्या खाचांमध्ये वीज नसते पण मागच्या स्क्रूंवर असू शकते, हेही ध्यानात ठेवा. म्हणून कव्हर काढलं, दोन स्क्रू सोडवून सॉकेट हलकेच पुढे ओढलं की प्रत्येक तारेजवळ टेस्टर पुन्हा न्या.

स्वयंपाकघरात हे जास्तच जपून करायला हवं. ओट्यासाठी कोडप्रमाणे २० अँपिअरची किमान दोन सर्किटं लागतात, आणि कधी कधी दोन्ही सर्किटं एकाच डब्यातून जातात. एक ब्रेकर बंद केला तरी त्याच डब्यात दुसरी तार जिवंत राहते. डब्यातली एकही तार टेस्टरवर वाजत असेल तर तिचाही ब्रेकर शोधून बंद करा.

मीटर काय सांगतो

सॉकेट पुढे ओढायच्या आधीच, वीज चालू असताना, खाचांमधूनच पहिलं माप घेता येतं. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. समोरून बघताना ग्राउंडचं गोल भोक खाली असेल तर डावीकडची उंच खाच न्यूट्रलची आणि उजवीकडची छोटी फेजची. आजकालच्या सॉकेटमध्ये लहान मुलांसाठी आतून झडपा असतात. एकच प्रोब घालायला गेलात तर झडप हटत नाही. दोन्ही प्रोब दोन्ही खाचांमध्ये एकदम, सारख्या जोराने आत घाला, मग ती सरकते.

फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० व्होल्टच्या आसपास, फेज आणि ग्राउंडमध्येही तेवढेच, आणि न्यूट्रल-ग्राउंडमध्ये जवळजवळ शून्य, असं आलं तर येणारी वीज ठीक आहे. फेज-ग्राउंड १२० पण फेज-न्यूट्रल काहीच नाही, तर न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे. अशा वेळी पेन-टेस्टर वाजतो, वीज आहे असं वाटतं, आणि तरीही काहीच चालत नाही. जीएफसीआयच्या आतल्या सर्किटलाही न्यूट्रल लागतो, त्यामुळे रीसेटही बसत नाही. फेज-न्यूट्रल १२० पण फेज-ग्राउंड शून्य, आणि न्यूट्रल-ग्राउंडही शून्य, तर ग्राउंडची तार नाही किंवा सुटली आहे. आणि न्यूट्रल-ग्राउंडमध्ये १२० आले, फेज-ग्राउंडमध्ये शून्य, तर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे.

जीएफसीआय पडलेला असेल तर खाचांमध्ये काहीच सापडणार नाही. हीच मापं मग मागच्या तारांवर घ्यावी लागतात. कुठेही न जोडलेल्या, लोंबकळणाऱ्या तारेवर डिजिटल मीटर कधी कधी वीसतीस व्होल्ट दाखवतो. शेजारच्या जिवंत तारेमुळे येणारा तो भास असतो. तेवढ्यावरून ती तार चालू आहे असं धरू नका, पण तिला हात लावण्याआधी ब्रेकर मात्र बंदच करा.

तीन दिव्यांचा छोटा प्लग-टेस्टरही मिळतो आणि नवख्या माणसाला तो सोपा पडतो. पण न्यूट्रल आणि ग्राउंड यांची आपापसात अदलाबदल झाली असेल तर तो सगळं ठीक असल्याचं दाखवतो, त्यामुळे त्याच्या हिरव्या कौलावर मी काम थांबवत नाही.

लाइन कुठली आणि लोड कुठली

जीएफसीआयच्या पाठीवर स्क्रूंच्या दोन जोड्या असतात. एका जोडीवर लाइन लिहिलेलं असतं, दुसरीवर लोड. लाइनला पॅनेलकडून येणारी वीज जोडायची. लोडवरून पुढच्या साध्या पॉइंटना वीज जाते आणि तेही या सॉकेटच्या संरक्षणाखाली येतात. नव्या सॉकेटमध्ये लोडच्या स्क्रूंवर पिवळी टेप चिकटवलेली असते, कारण बऱ्याच ठिकाणी लोड लागतच नाही आणि लोक चुकून तिथेच तार जोडतात.

लाइन आणि लोड उलटे जोडले तर नव्या सॉकेटमध्ये रीसेट मुळीच बसत नाही. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. खूप जुन्या सॉकेटमध्ये ही सोय नव्हती. तिथे उलट जोडलं तरी समोरच्या खाचांमध्ये वीज यायची, टेस्ट दाबलं की खटका पडायचा आणि तरीही खाचा जिवंतच राहायच्या. म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटायचं आणि संरक्षण काडीचंही नसायचं. जुन्या घरात असं सॉकेट दिसलं तर ते चालतंय म्हणून ठेवून देऊ नका.

लाइन ओळखायची पद्धत अशी. ब्रेकर बंद, खात्री केलेली. सॉकेट सोडवण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी. सगळ्या तारा सॉकेटपासून सुट्या करा. डब्यात साधारणपणे दोन केबल येताना दिसतील, प्रत्येकीत एक काळी, एक पांढरी आणि एक उघडी तार. कुठली काळी कुठल्या पांढरीच्या जोडीची, ते त्या केबलच्या वेष्टनापर्यंत नजर नेऊन बघा, कारण पुढे जोड्या फुटल्या तर सगळा घोळ होतो. प्रत्येक काळ्या आणि पांढऱ्या तारेच्या उघड्या टोकाला वायर नट लावा आणि तारा एकमेकींपासून लांब वळवून ठेवा. घरात मुलं असतील तर कुणाला तरी तिथे उभं करा. आता ब्रेकर चालू करा आणि पेन-टेस्टर एकेका काळ्या तारेजवळ न्या. जी वाजते ती लाइन. ब्रेकर पुन्हा बंद करा, पुन्हा खात्री करा, आणि त्या केबलच्या काळ्या-पांढऱ्या दोन्ही तारांना टेपचा तुकडा गुंडाळून ठेवा. दुसरी जोडी लोड.

दोन्ही काळ्या तारा वाजल्या तर डब्यात दोन सर्किटं आहेत. त्यांचे न्यूट्रल एकमेकांना जोडायचे नाहीत. एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी सरमिसळ झाली की जीएफसीआय काहीतरी लावल्याबरोबर पडणार, कारण त्याच्या कड्यातून गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत जातो.

यानंतर फक्त लाइनची जोडी सॉकेटला जोडा, ग्राउंड हिरव्या स्क्रूला लावा, लोडच्या तारा वायर नट लावून तशाच ठेवा. ब्रेकर चालू करा आणि रीसेट दाबा. साऱ्या तपासणीतला हा सगळ्यात उपयोगी क्षण आहे. रीसेट टिकलं तर सॉकेट चांगलं आहे आणि दोष पुढच्या पॉइंटमध्ये किंवा वायरमध्ये आहे. मीटरवर लाइन ठीक दिसते आणि तरीही रीसेट बसत नाही, तर सॉकेट खरंच संपलं आहे. आता नवं आणा.

रीसेट टिकतं, पण लोड जोडली की पडतं

इथे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो. ब्रेकर बंद ठेवा. पुढच्या सगळ्या पॉइंटवरचे प्लग काढलेले असू द्या. लोडच्या दोन्ही तारा सुट्या आहेतच. मीटर रेझिस्टन्सवर किंवा आवाज देणाऱ्या कंटिन्युइटीवर ठेवा. एक प्रोब लोडच्या पांढऱ्या तारेला, दुसरा ग्राउंडला. मीटर गप्प राहायला हवा. वाजला, तर पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना टेकले आहेत, किंवा हा न्यूट्रल दुसऱ्या एखाद्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला आहे. दुसरी शक्यताही याच मापात पकडली जाते, कारण सगळे न्यूट्रल शेवटी पॅनेलमध्ये ग्राउंडला मिळतात. मग काळ्या तारेचंही ग्राउंडशी असंच माप घ्या. तिथेही मीटर गप्पच हवा.

न्यूट्रल ग्राउंडला टेकला असेल तर काहीही न लावता, रिकाम्या ओट्यावरसुद्धा जीएफसीआय पडतो. हा दोष शोधायची सोय त्यात मुद्दाम केलेली असते. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच लावलं नाही तरी पडतंय म्हणजे सॉकेटच बाद आहे.

माझ्या स्वयंपाकघरात हेच झालं होतं. मी ओळीने दोन नवी सॉकेटं बसवून पाहिली होती. शेवटी पुढचा साधा पॉइंट उघडला आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. उघडी तांब्याची ग्राउंड तार सॉकेट आत ढकलताना मुडपली होती आणि तिचं कोपर चंदेरी स्क्रूच्या कडेला टेकलं होतं. टेकलेल्या जागी तांब्यावर एक बारीक चकचकीत ओरखडा दिसत होता. तार मागे दाबली, सॉकेटच्या कडेने स्क्रूंवरून टेपचा एक वेढा दिला आणि रीसेट पहिल्या दाबात बसलं. दोन्ही नवी सॉकेटं मुळात चांगलीच होती.

तेव्हा माप वाजलं की पुढचे पॉइंट एकेक करून उघडा. प्रत्येक पॉइंटमध्ये पुढे जाणारी केबल तात्पुरती सोडवा आणि तेच माप पुन्हा घ्या. ज्या जागी केबल सोडवल्यावर मीटर गप्प होतो, दोष त्याच्या पुढे. सगळे पॉइंट तपासून झाले आणि दोन पॉइंटच्या मधल्या केबलमध्येच दोष निघाला, तर भिंतीत कुणीतरी खिळा किंवा स्क्रू ठोकला असण्याची शक्यता बरीच. नवी कपाटं किंवा टाइल्स बसवल्यावर दोष सुरू झाला असेल तर तिथूनच सुरुवात करा. भिंतीतली केबल बदलायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडे द्या.

एका न्यूट्रलवर दोन फेज

डब्यात काळ्याबरोबर लाल तारही असेल आणि पांढरी एकच, तर दोन सर्किटं एक न्यूट्रल वाटून घेत असण्याची शक्यता आहे. काळ्या आणि लाल तारेत मीटरवर २४० व्होल्ट आले की ते पक्कं. अशी जोडणी जुन्या स्वयंपाकघरांत पुष्कळ सापडते. २००८ च्या कोडपासून अशा दोन्ही फेजचे ब्रेकर एकदमच बंद व्हावेत असे जोडलेले असावे लागतात. त्याआधीच्या घरात दोन सुटे ब्रेकर असू शकतात, म्हणून एक बंद करून समाधान मानू नका.

इथला न्यूट्रल सुटला तर दोन्ही बाजूंची उपकरणं २४० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि हलकं उपकरण क्षणात जळतं. म्हणून न्यूट्रल सॉकेटच्या स्क्रूंमधून पुढे न्यायचा नसतो. सगळ्या पांढऱ्या तारा वायर नटमध्ये एकत्र पिळून त्यातून एक छोटी तार सॉकेटला द्यायची. आणि या वाटून घेतलेल्या न्यूट्रलवरचे पुढचे पॉइंट एका जीएफसीआयच्या लोडवर चालत नाहीत. जिथे न्यूट्रल वेगळे होतात त्याच्या पुढे प्रत्येक बाजूला आपापला जीएफसीआय लागतो, किंवा पॅनेलमध्ये दोन फेजचा जीएफसीआय ब्रेकर. न्यूट्रल कुठे वेगळे होतात ते कळत नसेल तर हा भाग जाणकाराला दाखवा. इथे अंदाजाने काही करू नये.

ग्राउंड नसलेलं जुनं घर

जुन्या घरात डब्यात दोनच तारा निघाल्या तर घाबरू नका. जीएफसीआयला शॉकपासून वाचवायला ग्राउंड लागत नाही, तो फेज आणि न्यूट्रलमधला फरक बघतो. कोडही अशा जागी जीएफसीआय बसवू देतो, फक्त त्यावर आणि पुढच्या तीन भोकांच्या पॉइंटवर खोक्यात मिळणारं स्टिकर लावायचं, ज्यावर इक्विपमेंट ग्राउंड नाही असं छापलेलं असतं. प्लग-टेस्टरवरच्या बटणाने असा जीएफसीआय पडत नाही, कारण त्या टेस्टरला ग्राउंडची वाट लागते. सॉकेटवरचं स्वतःचं टेस्ट बटण चालतं, खरी परीक्षा त्यानेच घ्या. हिरव्या आणि चंदेरी स्क्रूमध्ये छोटी तार टाकून ग्राउंड असल्याचं सोंग कधीही करू नका. पुढेमागे न्यूट्रल सुटला तर उपकरणाच्या धातूच्या अंगावर थेट फेज येतो.

परत बसवताना

ब्रेकर २० अँपिअरचा असेल तर तार १२ गेजची हवी, १५ चा असेल तर १४ गेज चालते (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक). १४ गेजची तार २० च्या ब्रेकरवर दिसली तर तो वेगळा आणि गंभीर दोष आहे. तार किती सोलायची याची खूण सॉकेटच्या पाठीवरच असते. कमी सोलली तर प्लास्टिक पकडीत अडकतं, जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं. पट्टीखाली सरळ तार घालून स्क्रू आवळायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर तारेचा हुक स्क्रू फिरतो त्याच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळा. आवळून झालं की प्रत्येक तार हाताने ओढून बघा. माझ्या अनुभवात ढिला स्क्रू हे चुकीच्या जोडणीइतकंच मोठं दुखणं आहे, कारण तो लगेच कळत नाही, महिन्यांनी तापून कळतो.

जीएफसीआय साध्या सॉकेटपेक्षा जाड असतो. जुन्या उथळ डब्यात तो कोंबावा लागत असेल तर डबाच मोठा घ्या. तारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घालून मागे बसवा. ग्राउंड सगळ्यात मागे, मग न्यूट्रल, मग फेज. ढकलताना अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा.

मग ब्रेकर चालू करा, रीसेट दाबा, एक साधा टेबलचा दिवा लावा. टेस्ट दाबल्यावर दिवा विझायला हवा आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटवरही तो विझलेलाच राहायला हवा. जो पॉइंट अजून चालू आहे तो या संरक्षणाखाली नाही, त्याला वीज कुठून येते ते शोधा. ही परीक्षा दर महिन्याला घ्या. २०१५ च्या मध्यापासून बनलेली सॉकेटं स्वतःची तपासणीही अधूनमधून करतात आणि बिघाड सापडला तर दिवा लावतात किंवा वीज सोडत नाहीत, तरी हाताने दाबून बघणं सोडू नका.

पुढच्या साध्या पॉइंटवर जीएफसीआय प्रोटेक्टेडचं स्टिकर लावा. पॅनेलच्या दारावर पेन्सिलने लिहून ठेवा, कुठला ब्रेकर ओट्याच्या कुठल्या बाजूचा आणि त्यावरचा जीएफसीआय नेमका कुठे आहे. तुमच्यानंतर त्या घरात येणारा माणूस खोक्यांच्या थप्पीमागे तासभर शोधत बसणार नाही.